रोहिणीतच आलेला पाऊस आणि खारघरच्या गच्चीवरची सडलेली भाजी

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. खारघरच्या एक ताई चार मजली इमारतीच्या गच्चीवर, सोसायटीची परवानगी घेऊन, पंधरा इंची २६ ग्रो बॅगांमध्ये भाजी करतात. यंदा फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांनी टोमॅटो, मिरची, ढोबळी, वांगी, दोडका, दुधी आणि थोडी कोथिंबीर लावली. मेमध्ये तोडे सुरू व्हायचे, तेव्हाच पाऊस सुरू झाला आणि थांबलाच नाही. टोमॅटो हिरवेच तडकले आणि सडले. ढोबळीची फुलं गळाली. वांग्यांनी ओल्या मातीत उभ्याउभ्या माना टाकल्या. दोडक्याच्या कळ्या बोटभर होऊन पिवळ्या पडतात. जूनमध्ये पुन्हा बी टाकलं, तर तीही रोपं दोन पानांवर आडवी झाली. त्या विचारतात, "सहा वर्षं करतेय, पण यंदा सगळं मिळून तीन किलो भाजीसुद्धा निघाली नाही. माझ्या हाताला गुणच राहिला नाही का? सगळं उपटून झेंडू लावून टाकू?"

ताई, पहिल्यांदा हाताचं सांगतो. मुंबईत मान्सून पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून. यंदा, २०२५ मध्ये, हवामान खात्याने तो २६ मे रोजी आल्याचं जाहीर केलं, म्हणजे सोळा दिवस आधी. त्याच्याही आधी, मेच्या पहिल्या आठवड्यापासून वळवाच्या सरी पडत होत्या. कुलाब्याला मे महिन्यात २९५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि १९१८ सालच्या मेमधला २७९.४ मिलिमीटरचा विक्रम मोडला. मृगाची वाट पाहायची तर पाऊस रोहिणी लागायच्या आधीच दारात उभा. तुमचं उन्हाळी वेळापत्रक मे कोरडा जाणार हे धरून बांधलेलं होतं, आणि ते चूक नव्हतं. मी स्वतः तसंच बांधतो. या वर्षी माझ्याकडच्या टोमॅटोच्या अठरा रोपांपैकी चार राहिली. त्यामुळे हाताला गुण नाही हा विचार मनातून काढून टाका. काय मेलं, कशाने मेलं आणि त्यातलं काय अजून वाचेल, हे एकेक करून पाहू.

पावसात हवा गार झाली म्हणून रोपं खचली, असं बरेच जण म्हणतात. आपल्याकडे तसं होत नाही. मेच्या शेवटी पावसामुळे पारा चार-पाच अंश खाली आला, तरी तो टोमॅटो-वांग्याला सुखाचाच होता. मारलं ते मुळांच्या गुदमरण्याने. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे मूठ दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचला तर फुटावा इतपतच ओल, तो तुमच्या पिशव्यांमध्ये दोन महिन्यांत एकदाही आला नसणार. मूळ नुसतं पाणी पीत नाही, ते श्वासही घेतं. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायू आत जवळजवळ जाईनासाच होतो. हवेपेक्षा पाण्यातून तो सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मूळ गुदमरलं की ते पाणी ओढायचं थांबवतं आणि वरची पानं तहानलेली दिसतात. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, पावसाला उघडीप मिळाली की आपण आणखी एक तांब्या ओततो. ही चूक मी दरवर्षी दहा घरांत पाहतो.

हिशेब करून पाहा म्हणजे अंदाज येईल. पंधरा इंच व्यासाच्या पिशवीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर आत साधारण ११ लिटर पाणी उतरतं. पिशवीत मिश्रण असतं चाळीस लिटरच्या आसपास. खारघरला डोंगराच्या पायथ्याशी १०० मिलिमीटरचे दिवस पावसाळ्यात काही अपवाद नाहीत. चार महिन्यांत सव्वादोन हजार मिलिमीटर धरले तर प्रत्येक पिशवीतून अडीचशे लिटर पाणी जाणार. ते जातं कुठून आणि किती लवकर, यावर तुमची पावसाळी बाग उभी आहे. बी, खत, फवारणी हे सगळं त्याच्यानंतर.

म्हणून पहिलं काम: मेलेलं एक-एक झाड उपटा आणि मुळं बघा. फेकून द्यायची घाई करू नका. मूळ पांढरं, टणक असेल तर दोष वरचा आहे, मुळाचा नाही. मूळ तपकिरी असेल, चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल निघून हातात येत असेल आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरत असेल, तर मूळकूज. मातीला कुजक्या अंड्याचा वास आला तर पिशवीच्या तळाशी पाणी साठून राहिलंय, भोकं बुजली आहेत. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्याला न दिसणारे बारीक जंत. तो पावसाचा दोष नाही, आधीपासूनचा आहे. हे टिपून ठेवा, पिशवीवर खडूने किंवा मार्करने लिहिलं तरी चालेल, कारण पुढे कोणत्या पिशवीत काय लावायचं ते यावर ठरतं.

वांग्याचं मात्र वेगळं आहे, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. पानं हिरवी असताना, पिवळी न पडता, दोन-तीन दिवसांत पूर्ण झाड मान टाकतं आणि परत उठत नाही, हे तुम्ही केलेलं वर्णन जिवाणूजन्य मर रोगाशी जुळतं. कोकणपट्टीतल्या दमट, आम्लधर्मी मातीत हा रोग जुना आहे. खात्री करायला प्रयोगशाळा लागत नाही. मान टाकलेल्या झाडाच्या खोडाचा, मातीलगतचा, बोटभर लांब तुकडा धारदार सुरीने कापा आणि धुऊन घ्या. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन तो तुकडा असा धरा की फक्त कापलेलं टोक पाण्यात बुडेल. ग्लास हलवू नका. पाच-दहा मिनिटांत त्या टोकातून दुधासारखी पांढरट धार तंतूसारखी खाली उतरताना दिसली, तर जिवाणूंचीच मर. काही उतरलं नाही आणि खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघा दिसल्या, तर ती बुरशीजन्य मर.

धार दिसली तर त्या पिशवीतल्या मातीत वांगी, टोमॅटो, मिरची, ढोबळी, बटाटा यांपैकी काहीही पुन्हा लावायचं नाही, किमान दोन वर्षं तरी. ही सगळी एकाच कुळातली आहेत आणि जिवाणू मातीत टिकून राहतो. ती पिशवी इतरांपासून लांब, उतारावर सगळ्यात खाली ठेवा, म्हणजे तिच्यातून निघालेलं पाणी दुसऱ्या पिशवीखाली जाणार नाही. गच्चीवर हीच गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटते. रोग हवेतून उडत येत नाही. निचऱ्याच्या पाण्यातून, खुरप्यातून आणि आपल्या हातांतून जातो. खुरपं एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत नेताना साबणाच्या पाण्यात बुडवा आणि पुसा. त्या मातीत पालेभाज्या, मका, वेलभाज्या, शेंगभाज्या खुशाल घ्या, माणसाला या जिवाणूचा काही अपाय नाही.

टोमॅटो आणि ढोबळी वाचवायचा प्रयत्न सोडून द्या. हे ऐकायला कठोर वाटेल, पण सडणाऱ्या टोमॅटोवर आठ-आठ दिवसांनी फवारे मारत बसलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यात त्यांचा सगळा श्रावण जातो. कोरड्या मातीतल्या टोमॅटोला अचानक भरपूर पाणी मिळालं की आतला गर फुगतो, साल तितकी ताणत नाही, फळ तडकतं आणि त्या चिरेतून कूज शिरते. शिवाय दमट हवेत परागकण गोळा होऊन चिकटतात, सुटत नाहीत, त्यामुळे नवीन फुलं आली तरी धरत नाहीत. झाडं काढा. करपलेली पानं घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका, कचऱ्यात द्या.

मिरचीला मात्र एक संधी द्या. पानं वरच्या बाजूला वाटीसारखी वळली असतील तर फुलकिडे, खाली वळून देठ लांबट झाले असतील तर कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी सूक्ष्म कीड. फुलकिडे धुवांधार पावसात आपोआप कमी होतात, पण मिरचीवरचा पिवळा कोळी दमट हवेत उलट वाढतो. शेंड्याकडचा एक तृतीयांश भाग छाटा आणि पिशवी छपराखाली आणा. नवीन फूट सरळ आली तर झाड वाचलं, गणपतीनंतर फुलेल. फूटही बारीक, आखडलेलीच आली तर तो विषाणूचा चुरडा-मुरडा आहे. मग मोह धरू नका.

आता दोडका. तुमच्या पत्रात हा भाग वाचून मला बरं वाटलं, कारण इथे वेल निरोगी आहे आणि आपण हातानेच बरंच काही करू शकतो. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, साधारण पाच ते आठच्या दरम्यान. दुधीचंही संध्याकाळीच. त्यांचं परागीभवन संध्याकाळी-रात्री फिरणाऱ्या किड्यांवर आणि पतंगांवर अवलंबून असतं. पावसाळ्यात नेमकी त्याच वेळी सर येते, एकही पतंग फिरकत नाही, परागकण धुऊन जातात, आणि फूल सकाळी मिटतं. मागचा चिमुकला दोडका चार दिवस वाढल्यासारखा दिसतो आणि पिवळा पडून गळतो. आपण खत कमी पडलं म्हणतो, खत घालतो, वेल आणखी पानोळा होतो आणि पुन्हा नरफुलंच येतात.

उपाय साधा आहे. संध्याकाळी सहाच्या सुमारास वर जा. ज्या फुलामागे छोटा दोडका आहे ते मादीफूल, ज्याच्यामागे नुसता बारीक देठ आहे ते नरफूल. ताजं उमललेलं नरफूल तोडा, पाकळ्या मागे वळवा आणि मधला पिवळा केसर मादीफुलाच्या मधल्या भागावर हलक्या हाताने दोन-तीनदा टेकवा. एक नर दोन मादीफुलांना पुरतो. पावसाची लक्षणं असतील तर नंतर त्या मादीफुलावर कागदी कप उलटा अडकवून ठेवा, सकाळी काढा. माझ्या ओळखीच्या, ठाण्यात वर्तकनगरमधल्या एक आजी ऑफिसातून येणाऱ्या सुनेला चहा दिल्यावर रोज हे करतात, त्यांचा दोडका पावसाळ्यात घरात पुरून उरतो. कारली, काकडी, भोपळा आणि घोसाळी यांची फुलं मात्र पहाटे-सकाळी उमलतात, त्यांना संध्याकाळी जाऊन उपयोग नाही. सकाळी आठच्या आत हात लावायचा.

हातानं परागीभवन करूनही फळ पिवळं पडत असेल तर ते कापून बघा. आत अळ्या असतील आणि सालीवर टाचणीच्या टोकाएवढा डिंकाळलेला ठिपका असेल, तर फळमाशी. बाजारात सापळा घेताना वेलभाज्यांसाठीचा, म्हणजे क्यू ल्यूरचा, मागा. बऱ्याच दुकानांत आंब्यासाठीचा मिथाइल युजेनॉलचा सापळा हातात ठेवतात. तो आंब्याच्या माशीला ओढतो, दोडक्याच्या माशीला नाही. सापळ्यात नरच अडकतात, म्हणून त्यावर विसंबू नका. फळ बोटभर झालं की त्याला पातळ कापडाची किंवा बटरपेपरची पिशवी बांधा आणि किडकी फळं वेलीखाली पडू देऊ नका.

जूनमध्ये आडव्या झालेल्या रोपांबद्दल थोडक्यात. खोड मातीपाशी दोऱ्याने आवळल्यासारखं बारीक होऊन रोप कोलमडतं, ही मातीतल्या बुरशींची करामत. जास्त ओल, दाट पेरणी आणि कमी उजेड मिळाला की हमखास होते. पावसाळ्यात बी थेट पिशवीत पेरूच नका. प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे रोपांच्या खणांच्या ट्रेमध्ये, किंवा कागदी कपांत, घरात खिडकीपाशी, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखताच्या मिश्रणात पेरा, पाणी तळातून द्या, मिश्रणात चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) घाला. चार-पाच खरी पानं आली की मग बाहेर.

निचऱ्याकडे येतो. यावर थोडं लांबण लावतो, कारण २००५ सालच्या २६ जुलैनंतर मी जे शिकलो ते इथेच आहे. सांताक्रूझला त्या दिवशी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, ठाण्यातही हाहाकार होता. नौपाड्यातल्या आमच्या गच्चीवर तेव्हा माझ्या चाळीसेक कुंड्या होत्या. आठवड्याभरात पंचवीस गेल्या. ज्या वाचल्या त्यांत एकच गोष्ट समान होती: त्या विटांवर ठेवलेल्या होत्या. बाकीच्या थेट फरशीवर, तळ फरशीला चिकटलेला, भोकांतून पाणी निघायला जागाच नाही. खत तेच, माती तीच, रोपंही एकाच वाफ्यातली.

तेव्हा प्रत्येक पिशवीखाली दोन-तीन विटा अशा ठेवा की भोकं मोकळी राहतील. पिशवीच्या तळाला भोकं असतातच, पण ती मुळांनी आणि गाळाने बुजतात. बाजूला, तळापासून दोन बोटं वर, आणखी चार-सहा भोकं पाडा. खालच्या ताटल्या जूनमध्येच काढून टाकायच्या, त्यांत साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. तळाशी खडी किंवा विटांचा थर देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती सोडा. पाणी बारीक मातीतून जाड थरात सहज उतरत नाही, मातीच्या तळाशीच अडून बसतं, आणि मुळांना मिळणारी कोरडी जागा तितकीच कमी होते. विटांचे शेंगदाण्याएवढे तुकडे तळाला न देता सगळ्या मिश्रणात मिसळा.

मिश्रण कसं असावं? उन्हाळ्यात उपयोगी पडणारं कोकोपीट पावसाळ्यात गळ्याशी येतं, ते स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतं. तुमच्या पिशव्यांत निम्म्याहून जास्त कोकोपीट असेल तर ते मोठं कारण समजा. पावसाळ्यासाठी मी लाल माती तीन वाटे, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट तीन वाटे, भाताचं तूस दोन वाटे, विटांचे तुकडे किंवा जाड रेती दोन वाटे असं घेतो. कोकोपीट नाही. "पूर्ण कुजलेलं" हा शब्द महत्त्वाचा आहे. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून घेतलेलं खत मी घाईत, न तपासता वीस पिशव्यांत भरलं. ते अर्धकच्चं होतं, पावसात आंबलं आणि सगळी मुळं भाजल्यासारखी झाली. तेव्हापासून मूठभर खत ओलं करून प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवतो. उघडल्यावर पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास आला तरच वापरतो, आंबूस किंवा उग्र वास आला तर आणखी महिनाभर कुजू देतो.

छपराबद्दल: सगळ्या गच्चीवर शेड घालायची गरज नाही, सोसायटी देणारही नाही. सहा-आठ पिशव्यांपुरतं, बांबू किंवा पीव्हीसी पाइपच्या कमानीवर, यूव्ही संरक्षण असलेलं पारदर्शक प्लास्टिक पुरेसं. वरून झाकलेलं, चारही बाजू उघड्या, एका बाजूला चांगला उतार, आणि वाऱ्याने उडणार नाही असं घट्ट बांधलेलं. हिरवं शेडनेट लावू नका. ते पाऊस अडवत नाही, वर आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी करतं. भर ढगाळ दिवशी उन्हाच्या पाव हिश्श्याहूनही कमी उजेड झाडाला मिळतो.

उजेडाचा विषय निघाला म्हणून, गच्ची नसलेल्या आणि बाल्कनीत भाजी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. ठाणे-नवी मुंबईत मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, त्यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेकडच्या ज्या बाल्कनीत हिवाळाभर छान ऊन येतं, तिथे मेअखेर ते जुलैअखेर थेट ऊन जवळजवळ येतच नाही. घोडबंदर रोडवरच्या टॉवरांमधून मला दर जूनमध्ये फोन येतात, "सगळं तेच करतोय, टोमॅटो रुसला." तो रुसलेला नसतो, त्याचं ऊन गेलेलं असतं.

पानं पिवळी पडतात त्याचं वाचन सोपं आहे. खालची, जुनी पानं सगळी एकसारखी पिवळी पडली तर पावसाने नत्र धुऊन नेलंय. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर मुळं गुदमरल्यामुळे लोह उचललं जात नाही. इथे खत घालून काही होत नाही, पिशवी वाळू द्यावी लागते. नत्रासाठी एकदम मूठभर खत देऊ नका, ते पुढच्या सरीत गटारात जातं. पंधरा दिवसांनी एक ओंजळ गांडूळखत आणि उघडीप असेल तेव्हा पातळ केलेलं जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी) किंवा पेंडीचं पाणी, एवढं पुरतं.

फवारण्यांवर माझा फारसा भर नाही. नीमतेल मूळकुजीवर काहीच करत नाही आणि मुसळधार पावसात पानावर टिकतही नाही. वेलाच्या पानांवर वरून शिरांच्या चौकटीत पिवळे डाग आणि खालून करडी बुरशी दिसली तर तो केवडा. खालची पानं काढा, वेल मांडवावर मोकळा पसरवा, हवा खेळू द्या. ओल्या पानांना हात लावू नका. वर पांढरी पावडर दिसते ती भुरी, ती कोरड्या दिवसांतली. दोन्हींना एकच औषध देऊन गोंधळ करू नका. मातीतून ट्रायकोडर्मा, लिटरला पाच ग्रॅम, महिन्यातून एकदा द्या, पण रोग येण्याआधी. मेलेलं झाड त्याने उठत नाही.

मोठ्या शंखी गोगलगायी गच्चीवर आल्या असतील तर रात्री टॉर्च घेऊन, हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. मीठ कुंडीत पडू देऊ नका. ज्या पानांवरून त्या फिरल्या ती पालेभाजी नीट धुऊन, शिजवूनच खा, लहान मुलांना त्यांना हात लावू देऊ नका. त्यांच्यातून माणसाला धोकादायक जंतांची लागण होऊ शकते.

आता लावायचं काय? ताई, यंदा, २०२५ मध्ये, २८ ऑगस्टला ऋषिपंचमी आहे. तुमच्या घरी ऋषीची भाजी होत असेल तर तिच्यात काय पडतं ते आठवा: अळू, माठ, भोपळा, पडवळ, शिराळं, भेंडी, काकडी, सुरण, कणीस. नांगर न लावता, परसात आपोआप यावं असं सगळं. कोकणातल्या माणसाने भाद्रपदात घरामागे जे जगलेलं दिसलं ते भांड्यात घातलं. त्यात टोमॅटो नाही, ढोबळी नाही, फ्लॉवर नाही. आपल्या पावसाळ्यात काय लावावं याची यादी मला कुणी विचारली तर मी हीच देतो.

अळूला पाणी साचलेलंही चालतं. मूळकूज झालेल्या, निचरा सुधारता न येणाऱ्या दोन पिशव्या सरळ अळूला द्या. बाजारातून कंद आणा आणि चार बोटं खोल पुरा. मायाळूचा हिरवा वेल मिळाला तर त्याची वीतभर फांदी खोचली तरी लागते, महिन्याभरात भज्यांपुरती पानं मिळतात. भेंडी आत्ता लावली तर साधारण ४५ ते ५० दिवसांनी, म्हणजे पितृपक्षाच्या शेवटी येईल. पानांवर पिवळ्या शिरांचा रोग येतो म्हणून परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका यांसारखं रोगाला तोंड देणारं बी घ्या. काकडी सगळ्यात लवकर, दीड महिन्यात. दोडक्यात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण हरिता आणि कारल्यात कोकण तारा ही आपल्याच हवेत तयार झालेली वाणं आहेत, मिळाली तर तीच लावा. कोथिंबीर-मेथी गच्चीवर नको, खिडकीत पसरट ट्रेमध्ये दाट पेरून बोटभर झाली की कापा. आणि एखाद्या रिकाम्या पिशवीत टाकळा आपोआप उगवला असेल तर उपटू नका. श्रावणात ठाण्याच्या गावदेवी मार्केटबाहेर येऊरहून आलेल्या बायका तोच जुडी बांधून विकतात.

झेंडूचं म्हणाल तर जरूर लावा, पण हार मानून नाही. आत्ता तयार रोपं लावली तर दसऱ्याच्या, म्हणजे यंदा २ ऑक्टोबरच्या, सुमारास फुलं येतील. ज्या पिशव्यांत मुळांवर गाठी सापडतील त्यांतच लावा. झेंडूच्या मुळांनी सूत्रकृमी कमी होतात. फुलं झाल्यावर झाडं त्याच मातीत बारीक करून मिसळा.

टोमॅटो, वांगी, ढोबळी यांचं आपल्याकडचं खरं घर म्हणजे हस्त संपल्यानंतरचे दिवस. नवरात्रात, यंदा २२ सप्टेंबरपासून पुढे, घरात बी टाका. ऑक्टोबरच्या उन्हात रिकाम्या पिशव्यांतली माती ताडपत्रीवर सहा इंच थरात पसरा, ओली करा, वरून पातळ पारदर्शक प्लास्टिक कडा दाबून घाला आणि तीन आठवडे तापू द्या. त्याने बुरशी आणि सूत्रकृमी बरेच कमी होतात. जिवाणूंच्या मरीवर मात्र भरवसा ठेवू नका. तोपर्यंत ही माती रिकाम्या गोणीत भरून, पाऊस लागणार नाही अशी, झाकून ठेवा. दिवाळीच्या आसपास रोपं लावली की डिसेंबर-जानेवारीत टोमॅटो. मरीची पिशवी सापडली असेल तर बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा टोमॅटो त्या रोगाला बऱ्यापैकी तोंड देतो, तरी तो शेजारच्या, स्वच्छ मातीतच लावा. वांग्यासाठी जंगली वांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं रोपवाटिकेत मागून बघा. आणि पुढच्या वर्षी उन्हाळी टोमॅटो फेब्रुवारीत न लावता डिसेंबरच्या अखेरीला लावा, म्हणजे एप्रिल संपेपर्यंत तोडे होऊन जातील आणि मेमध्ये पाऊस आला तरी तुम्हाला गमवायला फार काही उरणार नाही.

या रविवारी उघडीप मिळाली तर दोनच कामं करा. विटा लावा, आणि मान टाकलेल्या सगळ्या वांग्यांच्या खोडांचे तुकडे वेगवेगळ्या ग्लासांत धरून बघा. किती ग्लासांत धार उतरली ते मला कळवा, त्यावरून गच्चीवरची मांडणी बदलायची की नुसती माती, ते ठरवू.